गूढ शब्दकोडी सोडवणाऱ्यांसाठी शिकागो विद्यापीठाचे मराठी शब्दकोश: एक परीक्षण

मराठीत गूढ शब्दकोडी, म्हणजे ज्यांच्या सूचनेत उत्तराच्या सरळ अर्थाबरोबर शब्दखेळही दडलेला असतो अशी कोडी, रचणारे आणि सोडवणारे थोडे आहेत, पण जे आहेत ते चिकट आहेत. त्यांची नेहमीची अडचण एकच असते. उत्तर सुचते, चौकटीत बसते, पण शोधसूत्रातला, म्हणजे कोड्याच्या सूचनेतला, अर्थ त्या शब्दाला खरोखर आहे का, हे कुठे पाहायचे? खिशातला छोटा कोश इथे पुरत नाही. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संकेतस्थळावरचे मराठी कोश या कामाला कितपत उपयोगी पडतात, ते इथे तपासले आहे. सेवा मोफत आहे, नोंदणी लागत नाही. पडताळणीसाठी तिच्याइतकी चांगली सोय मराठीत क्वचितच मिळेल. उत्तर शोधून काढण्यासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. हा फरक लक्षात घेतला नाही तर तासभर शोध घेऊनही हाती काही लागत नाही.

तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ची दुसरी आवृत्ती. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, सात मूळ विभाग १९३२ ते १९३८ या काळातले आणि पुरवणी १९५०ची. वझ्यांचा १९११चा शालेय कोश आहे आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा १९९९चा कोशही आहे. प्रत्येक कोशाचे पान वेगळे असल्याने शोधही वेगवेगळा करावा लागतो. कोड्यासाठी पहिले दोन पुरेसे आहेत. वझ्यांच्या कोशात मोल्सवर्थपेक्षा वेगळे काही क्वचितच सापडते, आणि जुन्या मराठीचा कोश ज्ञानेश्वरी-लीळाचरित्रातला शब्द आला तरच उघडावा.

वापर समजायला आधी शोधसूत्राची बांधणी पाहू. बरीच उदाहरणे नाशिक जिल्ह्यातली घेतली आहेत, म्हणजे उत्तर ओळखीचे राहील आणि लक्ष रीतीकडे जाईल.

'दुखणे, मग जखमेची खूण. सप्तशृंगीचा तालुका (४)'. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरसंख्या. गूढ शोधसूत्रात सरळ अर्थ एका टोकाला असतो, सुरुवातीला नाहीतर शेवटी, मध्ये कधीच नाही. इथे तो शेवटी आहे, 'सप्तशृंगीचा तालुका'. उरलेला भाग म्हणजे शब्दाची फोड. दुखणे म्हणजे कळ, जखमेची खूण म्हणजे वण, जोडले की कळवण. नाशिककराला उत्तर आधी येईल आणि फोड मागून कळेल, तेही चालते. पण बाहेरच्या माणसाला 'वण' सुचला नाही तर? इथे मोल्सवर्थ कामाला येतो. शोधताना फक्त मुख्य शब्दांत पाहायचे की पूर्ण मजकुरात, हे ठरवता येते. पूर्ण मजकुराचा पर्याय ठेवून इंग्रजीत 'स्कार' शोधला की ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो इंग्रजी शब्द आला आहे ते सगळे समोर येतात. मराठी समानार्थी शब्दांसाठी मोल्सवर्थचा हा उलटा वापर सर्वांत फलदायी आहे, आणि बरेच जण तो करतच नाहीत.

अट एवढीच की इंग्रजीही १८५७चीच हवी. मनमाडचे शोधसूत्र पाहा: 'चित्त नारळाच्या झाडापाशी, गाडी मात्र जंक्शनात (४)'. चित्त म्हणजे मन, नारळाचे झाड म्हणजे माड. 'माड' मिळवायला 'कोकोनट' शोधायचा, पण आजच्या स्पेलिंगने तो हुकतो. त्या काळी सी-ओ-सी-ओ यानंतर एक 'ए' लिहीत आणि मग 'नट'. अशा जुन्या स्पेलिंगची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

मराठी शब्द शोधतानाही हाच फास बसतो, आणि तो जास्त घट्ट आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ आणि १९७२चे. त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. मोल्सवर्थ आणि दाते दोघेही त्याआधीचे. म्हणून 'गाव' ऐवजी 'गांव', 'नाव' ऐवजी 'नांव', 'करणे' ऐवजी 'करणें', 'तळे' ऐवजी 'तळें', आणि 'कवी' ऐवजी 'कवि' शोधावा लागतो. शब्द सापडला नाही की 'कोशात नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी तीन गोष्टी बदलून पाहाव्यात: पहिल्या अक्षरावर अनुस्वार, शेवटच्या एकारावर अनुस्वार, आणि शेवटचा ऱ्हस्व इकार किंवा उकार. 'नाही' वाटणारे बरेचसे शब्द एवढ्यावर सापडतात.

रचणाऱ्याने तर हे जास्त सांभाळायला हवे. समजा कोणी लिहिले, 'सुरुचि वडापाव देते, आत नाशिकचा खाऊ (३)'. सु-रु-चि-व-डा-पा-व या अक्षरांच्या पोटात चिवडा लपला आहे, कल्पना छान आहे. पण आजच्या नियमाने 'सुरुची' लिहायला हवे आणि मग आत 'चीवडा' उरतो. जुन्या कोशात 'रुचि' पाहून रचणाऱ्याची खात्री पटते, छापताना मुद्रितशोधक दीर्घ करतो, आणि कोडे मोडते. कोशातून अर्थ घ्यावा, लेखन आजचेच ठेवावे.

आता अक्षरे मोजण्याचा विषय. मराठी कोड्यात एक घर म्हणजे एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर, आणि अनुस्वार आपल्या अक्षराबरोबर राहतो. 'जपमाळेच्या मण्याचे तोंड उडाले, निफाडचे पीक उरले (२)' यात मणी म्हणजे रुद्राक्ष, त्याचे पहिले अक्षर 'रु' गेले की द्राक्ष. द्रा एक घर, क्ष दुसरे. संगणक मात्र असे मोजत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपी साठवण्याच्या पद्धतीत, द्रा म्हणजे द, हलन्ताची खूण, र आणि काना अशी चार चिन्हे. रुद्राक्ष आपल्याला तीन अक्षरी दिसतो, संगणकाला नऊ चिन्हांचा. म्हणून 'चार अक्षरी, दुसरे ळ' अशा मागणीचे तयार शोधक मराठीत चुकीची यादी देतात. शिकागोच्या सेवेतही अक्षरसंख्या सांगून शब्द मागता येत नाही. ही तिची सर्वांत मोठी उणीव, पण ती कोशांची नव्हे. ते कोड्यांसाठी बांधलेलेच नाहीत.

त्यामुळे क्रम असा ठेवावा. आधी सरळ अर्थ कोणत्या टोकाला आहे ते ठरवायचे, मग फोडीची जात ओळखायची, मग तुकडे जमवायचे, आणि सगळ्यात शेवटी दाते उघडायचा. फोडीची जात सांगणारा शब्द शोधसूत्रातच असतो. विस्कटला, बिघडला, ढवळला असे काही आले की अक्षरांची अदलाबदल. 'पालक विस्कटला, कवटी निघाली (३)', उत्तर कपाल. हेच शोधसूत्र 'भाजी विस्कटली, कवटी निघाली' असे लिहिले तर अन्याय होतो. सोडवणाऱ्याने मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी यांतून आधी पालक शोधायचा आणि मग तो विस्कटायचा? अदलाबदल करायची अक्षरे शोधसूत्रात उघड दिसलीच पाहिजेत. ही शिस्त इंग्रजी गूढ कोड्यांत पक्की रुजली आहे आणि मराठीत ती जशीच्या तशी घ्यायला हरकत नाही.

काही फोडी मात्र मराठीच्याच आहेत आणि त्यांची गोडी इंग्रजीत येणार नाही. 'पाकात आणि विस्तव (३)'. वाचणारा 'आणि' शब्दावरून सहज पुढे सरकतो, कारण तो नुसता जोडणारा वाटतो. पण आणि म्हणजे व. पाक या शब्दाच्या आत व घातला की पावक, म्हणजे विस्तव. तीन शब्दांत एकही फालतू नाही. असे शोधसूत्र सुचले की रचणाऱ्याचा दिवस सार्थकी लागतो. सरगमही अशीच हाताशी आहे. 'मध्यमामागोमाग धैवत, पोळ्यातला गोडवा (२)' यात म आणि ध मिळून मध. 'पोळ्यातला' वाचून बैलांच्या सणाकडे मन जाते, तेवढीच हुलकावणी.

संधी होणाऱ्या शब्दांत मात्र जपावे. 'फुलाला थोरला भाऊ संधी साधून भेटला, नाशिकचे कवी (५)'. फूल म्हणजे कुसुम, थोरला भाऊ म्हणजे अग्रज. नुसते शेजारी ठेवले तर सहा अक्षरे होतात. म आणि अ मिळून मा झाला की पाच, कुसुमाग्रज. 'संधी साधून' हे दोन शब्द तिथे नसते तर हिशेब जुळला नसता. संधीची खूण न देता संधी करणे हा मराठी रचनांतला वारंवार दिसणारा दोष आहे, आणि तो कुठल्याही कोशाने सुटत नाही.

दाते-कर्वे खरा चमकतो तो दुहेरी अर्थाच्या शोधसूत्रांत. 'शेताकडे वाहतो, पंगतीत मांडतात (२)', उत्तर पाट. पाण्याचा पाट आणि बसायचा पाट दोन्ही सगळ्यांना ठाऊक आहेत. पण नोंद उघडली की पुनर्विवाहाचा पाटही मिळतो, आणि रचणाऱ्याला तिसरे शोधसूत्र सुचते. दाते अर्थ क्रमांकाने देतो आणि अनेक ठिकाणी ज्ञानेश्वरी, तुकाराम, मोरोपंत यांतला वापरही दाखवतो. 'कळ' पाहायला जावे तर दुखण्याबरोबर यंत्राची कळ आणि भांडणाची कळ भेटते. उत्तराबद्दल वाद झाला तर मोल्सवर्थपेक्षा दात्याची नोंद प्रमाण धरावी, कारण मोल्सवर्थचा अर्थ इंग्रजीतून फिरून येतो आणि त्या फेऱ्यात छटा बदलते. शब्द हुडकायला मोल्सवर्थ, न्यायनिवाड्याला दाते.

अर्थ पडताळताना व्याकरणही पाहावे. सरळ अर्थ नाम असेल तर उत्तरही नामच हवे. वरच्या मधाच्या शोधसूत्रात 'गोडवा' ऐवजी 'गोड' लिहिले असते तर विशेषणाला नाम उत्तर आले असते, आणि ते चालत नाही. दोन्ही कोशांत शब्दाची जात नोंदीच्या सुरुवातीलाच दिलेली असते, तिच्याकडे आधी नजर टाकावी.

या कोशांत काय नाही, तेही सांगायला हवे. १९५० नंतर रुळलेले शब्द आणि अर्थ इथे शोधू नयेत. 'सामन्याचा निवाडा करणाऱ्याला वैद्याची गोळी, सीता हरवली ते ठिकाण (४)' याचे उत्तर पंचवटी. यातली वटी जुनी आहे, तिला दाते पुरतो. पंच मात्र इथे क्रिकेटच्या समालोचनातून आला आहे, त्यासाठी अलीकडचा कोशच पाहावा. गावे, तालुके, घाट, नद्या यांसाठी शब्दकोशाच्या वाटेला न जाता वाईच्या मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ उघडावे, तेही मोफत आहे. आणि चित्रपट, खेळाडू, ब्रँड यांवर उभे असलेले शोधसूत्र हाती आले तर शिकागोचे पान उघडूच नये.