पॉप-अप पुस्तक, एक पावसाळा वापरल्यानंतर: मगरीच्या पट्टीबद्दल बोलायलाच हवं

मगरीच्या पानावरची ओढायची पट्टी शेवटी तुटली. जबड्याचा सुटलेला तुकडा लेकाच्या तोंडात बोट घालून काढावा लागला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जंगलातल्या प्राण्यांचं हे पुस्तक आम्ही उन्हाळ्यात ऑनलाइन मागवलं, ८५० रुपयांना. तेव्हा तो आठ-नऊ महिन्यांचा होता. सिंह, जिराफ, हत्ती, माकड पान उघडताच उभे राहतात. मगरीला मात्र पट्टी आहे, ती ओढली की जबडा उघडतो. बाकीचे तपशील विक्रीच्या पानावर आहेत.

त्या पानावर ठळक लिहिलंय: ‘० ते ३ वर्षांच्या बाळांसाठी’. आणि पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर, बारकोडच्या खाली, बारीक अक्षरांत छापलंय की ३६ महिन्यांखालच्या मुलांना देऊ नका, लहान भाग सुटू शकतात. दोन्हीचे फोटो काढून विक्रेत्याला पाठवले. उत्तर आलं, बदलून देण्याची मुदत संपली. मी बदलून मागितलंच नव्हतं! वय दुरुस्त करा, एवढंच म्हणणं होतं. ते अजून तसंच आहे, आणि रोज कुणीतरी ते वाचून तान्ह्या बाळासाठी हे पुस्तक मागवत असेल.

आता पट्टी. आम्ही रत्नागिरीत राहतो. जुलैत इथे कपडे वाळत नाहीत, तिथे कागदाचं काय? दमट हवेत कागद फुगतो. पट्टी ज्या फटीतून सरकते ती फट आधीच अरुंद, त्यात फुगलेली पट्टी अडकते. मोठं माणूस थांबून सरळ ओढेल, मूल मूठ आवळून तिरकं ओढतं. फटीची कड पट्टीला कापत जाते. पान मागून उकलून पाहिलं तर जबडा पट्टीला जेमतेम नखाएवढ्या जागेत चिकटवलेला होता.

बाजारातल्या बायंडिंगवाल्या काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं, कारण कागदाचे तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. पट्टी लांबीत मजबूत हवी तर तंतू लांबीच्या दिशेने हवेत. या पुस्तकातली पट्टी आडव्या तंतूंची आहे. कापतानाच ती दुसरीकडे वळवली असती तर कदाचित आणखी वर्षभर टिकली असती. एकोणिसाव्या शतकात हलत्या चित्रांची पुस्तकं करणाऱ्या म्युनिकच्या चित्रकार लोथार मेग्गेनडॉर्फरने एकाच पट्टीवर चित्रातले अनेक भाग हलवले, आणि पानाआडचे सांधे तांब्याच्या बारीक तारेने जोडले. सांध्यावर ताण येतो हे त्याला तेव्हा कळलं होतं. आज ८५० रुपये घेणाऱ्यांनी निदान गोंद तरी पसरून लावावा.

उभे राहणारे प्राणी मात्र टिकले, आणि त्याचं मला आश्चर्य वाटतं. सिंह तर एकदा पूर्ण चेपला होता. तो मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना तिरका चिकटवलेला आहे, त्यामुळे पान उघडताना ताण दोन्ही पायांवर वाटला जातो. पुस्तक पूर्ण सपाट उघडायचं, अर्धवट नाही. चेपलेल्या जागी नवी घडी पडली असेल तर मिटण्यापूर्वी ती बोटाने आत वळवून घ्यायची, नाहीतर पुढच्या वेळी तिथेच फाटतं.

सुरुवातीला माझं मत वाईट होतं. लेकाला ओढायचं आणि चावायचं, मला पुस्तक वाचवायचं. प्रत्येक वेळी हातातून काढून घेतलं की रडारड. या पैशांत जाड पुठ्ठ्याच्या साध्या बोर्ड बुकांचा गठ्ठा आला असता, हे डोक्यातून जाईना.

मत बदललं सासूबाईंमुळे. त्यांनी पुस्तक त्याच्या हाती दिलंच नाही. त्याला समोर बसवलं, सिंहाचं पान हळूच मिटलं आणि विचारलं, “सिंहबुवा कुठे गेले? बुवाऽऽ...” मग उघडून, “कुक!” तो खदखदून हसला. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ लपवलेली वस्तू स्वतः शोधू लागतं, असं बालमानसशास्त्रज्ञ झां प्याजेने नोंदवलंय, आणि बुवा-कुकची गंमतही त्याच वयात खुलते. काही दिवसांनी तो स्वतःच तळहाताने पुठ्ठा दाबून पान मिटू लागला. त्याला उघडण्यापेक्षा मिटण्यात जास्त रस आहे. मिटून थांबतो, आजीकडे बघतो, मग “कु!” म्हणतो. ओढणं जवळजवळ थांबलं. या पुस्तकांची जुळणी आजही हाताने करतात, म्हणून ती महाग असतात. तेव्हा किमतीवरचा राग मी मागे घेते, पट्टीवरचा नाही.

नावं शिकवण्यासाठी मात्र घेऊ नका. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांना प्राण्याचं नवं नाव पॉप-अपपेक्षा खऱ्या फोटोंच्या साध्या पुस्तकातून चांगलं शिकता आलं. आमच्याकडेही तेच दिसतं. ‘हम्मा’ आणि ‘माऊ’ आले ते स्वस्तातल्या फोटोंच्या पुस्तकातून. जिराफाच्या पानावर तो फक्त मानेला हात घालतो. शेजारची चार वर्षांची मुलगी येते, ती सिंहाच्या मागे डोकावून “इथे घडी आहे” असं त्याला समजावते. पट्टी तिच्या वयासाठी आहे. ती सरळ ओढते.

दुरुस्ती करायची तर चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा शेजारच्या पानाला लागतो. घरची खळही नको, कसर आणि झुरळं तिच्यावर येतात. टूथपिकने फेविकॉलचा पातळ थर द्या, खाली बटर पेपर घाला आणि पान उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या. मी जाड खाकी कागदाची लांब तंतूंची नवी पट्टी घातली, फट ब्लेडने किंचित रुंद केली, आणि जबडा दुप्पट जागेत चिकटवला. आता तो अडकत नाही. तरी ते पान त्याच्यासाठी क्लिप लावून बंद ठेवलंय, तीन वर्षांचा होईपर्यंत.

पाचपैकी तीन तारे. एक पट्टीमुळे कापला, एक विक्रीच्या पानावरच्या त्या चुकीच्या वयामुळे. विक्रेत्याने वय दुरुस्त केलं तर दुसरा परत देईन आणि तशी नोंद इथेच करेन. पट्टीचा तारा मिळणार नाही.