दिवाळीची देवाणघेवाण: पूर्ण बंद, की फक्त खाण्याचं?

दसरा झाला की सोलापूरच्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते, आणि पिशव्यांतलं बरंचसं सामान दुसऱ्याच्या कपाटात जायचं असतं. यातून बाहेर पडायचे दोन मार्ग दिसतात: 'घेणार नाही, देणार नाही' असं सरळ सांगून टाकणं, नाहीतर वस्तू थांबवून फक्त खाण्याचं देणं.

पूर्ण बंदमध्ये पैसा वाचतो, वेळही. पण दोन्ही घरांनी पाळलं तरच ते टिकतं. पाडव्याला आत्या बॉक्स घेऊन आली की तिला रिकाम्या हाताने कसं पाठवणार? मग कपाटातून ब्लाउजपीस निघतो. माझं मत ठरलं ते या ब्लाउजपीसमुळे. आहेरातला पीस बहुधा 80 सेंटिमीटरचा आणि झिरझिरीत. कोपरापर्यंत बाही हवी तर पुरत नाही, अस्तराचा खर्च वेगळा. म्हणून तो कुणी शिवत नाही. घडीवर पिवळी रेघ उमटेपर्यंत या ओटीतून त्या ओटीत फिरतो. आहेराचे टॉवेलही तसेच, पातळ, पाणी न टिपणारे. चादरी-टॉवेलच्या आपल्या गावात हे जास्तच लागतं.

खाण्याचं संपतं, हाच त्याचा मोठा गुण. त्यातही फराळापेक्षा शेंगाचटणी बरी, कारण चिवडा-चकली घरोघरी असतेच. 12 घरांना प्रत्येकी 200 ग्रॅम द्यायची तर दोन-सव्वादोन किलो दाणे, 200 ग्रॅम सुका लसूण, 150 ग्रॅम तिखट, 50 ग्रॅम जिरे आणि चवीनुसार मीठ लागतं. दाणे मंद आचेवर भाजून पूर्ण गार करा. उखळात कुटली तर उत्तमच. मिक्सर थांबून थांबून चालवा. सलग फिरवला की भांडं तापतं, तेल सुटून गोळा होतो. ओलसर लसूण घातला किंवा चटणी कोमट असतानाच भरली तर लवकर वास येतो.

बरणीत मात्र देऊ नका. रिकामी परत करायची नाही म्हणून ती भरून येते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. बटर पेपर लावलेलं कागदी पाकीट पुरे.

ज्यांना स्वयंपाकघरात उभं राहायला सवड नाही, त्यांना पूर्ण बंदच सोयीचं पडेल. काहीही ठरवा, सांगायचं दसऱ्याआधी आणि फोन करून. ग्रुपवरचा निरोप टोचतो. भाऊबीजेची ओवाळणी यात धरू नका. घरकामाच्या मावशी आणि वॉचमन यांचं रोख पाकीट तर कुठल्याच मार्गात थांबवू नये. ते वसुबारसेच्या आधी द्यावं, म्हणजे त्यांची खरेदी वेळेवर होते.