पहिली ऐतिहासिक कादंबरी कोणती द्यावी: स्वामी, पानिपत, छावा आणि बाकीच्या

मित्राने 'एखादी चांगली ऐतिहासिक कादंबरी सुचव' म्हटलं की आपण डोळे मिटून शिवाजी महाराजांवरच्या 'श्रीमान योगी'चं नाव घेतो. मग ती दोनशे पानांपर्यंत जाते आणि उशाशी पडून राहते. दोष कादंबरीचा नाही. हजाराच्या घरातली पानं, जन्मापासून निधनापर्यंतचा सगळा पट आणि प्रत्येक प्रसंग शाळेपासून ठाऊक. पुढे काय होणार ही ओढ मुळातच नसते, वाचकाला टिकवते ती फक्त रंगवण्याची हातोटी. सवय नसलेल्या वाचकावर पहिल्याच फेरीत हा भार नको. त्याऐवजी त्याला आधी एक विचारावं: तुला माणूस वाचायचाय, मोहीम वाचायचीय, की काळ?

माणूस म्हणाला तर 'स्वामी' द्यावी. रणजित देसाईंचीच, पण 'श्रीमान योगी'च्या निम्म्याहून कमी लांबीची. थोरले माधवराव १७६१ साली सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले. मधल्या अकरा वर्षांत बाहेर निजाम आणि हैदर, घरात राघोबादादा. देसाईंचा जीव रमतो तो घरात: काका-पुतण्यातला ताण, रमाबाईंशी असलेलं नातं, वाढत जाणारं दुखणं. निजामाविरुद्धची राक्षसभुवनची लढाई डोळ्यांपुढे उभी राहावी अशी अपेक्षा असेल तर हिरमोड होईल. उलट, लढायांचा कंटाळा येणाऱ्याला याहून सोपं दार मराठीत नाही.

'राऊ' याच खणात ठेवली जाते, पण स्वभाव वेगळा. ना. सं. इनामदार बाजीराव-मस्तानीची प्रेमकथा लिहितानाही राजकारणाची दोरी सोडत नाहीत. २०१५ चा हिंदी चित्रपट या कादंबरीवर बेतला होता. तो पाहून आलेला वाचक महाल आणि नाच शोधत बसतो आणि त्याच्या हाती पुण्यातली कुटुंबातली कोंडी लागते. तेवढं आधी सांगून ठेवलं की पुढची तक्रार येत नाही.

मोहीम हवी असेल तर विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८). वाचक अडखळतो तो दोन ठिकाणी. पहिली अडचण नावांची. भाऊ, भाऊसाहेब आणि सदाशिवराव हे एकच. दादा, राघोबा आणि रघुनाथराव हेही एकच. 'नाना' म्हटलं की कधी नानासाहेब पेशवे, कधी नाना फडणीस. यावर उपाय पाच मिनिटांचा. पुस्तकात एक चिठ्ठी ठेवायची: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे मुलगे थोरले बाजीराव आणि चिमाजीअप्पा. बाजीरावांचे नानासाहेब, रघुनाथराव आणि मस्तानीचा समशेरबहाद्दर, चिमाजींचे सदाशिवराव. नानासाहेबांचे विश्वासराव, माधवराव, नारायणराव. खाली सवाई माधवराव (नारायणरावांचे) आणि दुसरे बाजीराव (रघुनाथरावांचे). पेशवाईवरची कुठलीही कादंबरी या एका चिठ्ठीवर निभावते.

दुसरी अडचण भूगोलाची. नकाशा शेजारी नसेल तर मधला भाग नुसता प्रवास वाटतो. उदगीर, दिल्ली, कुंजपुरा, बागपत आणि पानिपत एवढी पाच गावं शोधून ठेवावीत. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठे कुंजपुरा घ्यायला दिल्लीच्या उत्तरेला गेले आणि तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. ही एक हालचाल नकाशावर दिसली की पुढची उपासमार आपोआप उलगडते. रसद तुटलेली, सोबत यात्रेकरू आणि बाजारबुणगे, जनावरांना चारा नाही. १४ जानेवारी १७६१ ची लढाई हे त्या अडीच महिन्यांचं शेवटचं टोक. पाटलांची ताकद छावणीत आहे: भूक, थंडी, सरदारांची धुसफूस. बायकामाणसांच्या मनात शिरावं तर देसाई, तंबूबाहेर उभं राहावं तर पाटील.

'पानिपत' आवडली तर पुढचं पुस्तक शोधायला नको. त्याच पराभवानंतर काही महिन्यांत 'स्वामी'चा काळ सुरू होतो. आणि ज्याला मागे उरलेल्यांचं काय झालं हे हवंय, त्याला इनामदारांची 'शिकस्त'. ती भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंची आहे. पती गेला हे त्यांनी कधी मानलंच नाही. 'पानिपत', 'स्वामी', 'शिकस्त' या क्रमाने वाचल्या तर एकच जखम तीन बाजूंनी दिसते. उलट क्रम घेतला तर 'शिकस्त'मधली माणसं परकी वाटतात आणि निम्मा परिणाम वाया जातो.

खरी निवड करायला लावणारी जोडी म्हणजे संभाजीराजांवरच्या दोन कादंबऱ्या: शिवाजी सावंतांची 'छावा' आणि विश्वास पाटलांची 'संभाजी'. नायक एक, शेवट एक, तरी एक आवडलेल्याला दुसरी आवडेलच असं नाही. सावंतांची वाक्यं अलंकारांनी लगडलेली, भावनेचा सूर कायम वरच्या पट्टीत. तो सूर ज्याला लागतो तो पुस्तक खाली ठेवत नाही, ज्याला लागत नाही तो पन्नासाव्या पानावर दमतो. पाटील मोहिमांच्या अंगाने जातात. १६८१ च्या राज्याभिषेकापासून फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडले जाईपर्यंतची आठ वर्षं म्हणजे बुऱ्हाणपूर, जंजिरा, गोवा, एकामागून एक आघाड्या. हा पसारा समजून घ्यायचा असेल तर 'संभाजी'. निवडायची साधी रीत अशी: दोन्ही पुस्तकं मधूनच उघडून एकेक पान मोठ्याने वाचायचं. जिभेला जी जड जात नाही ती घ्यायची. शेवटचे हाल दोन्हीकडे आहेत, हळव्या वाचकाला आधी कल्पना द्यावी.

या दोन्हींच्या मागे एक गोष्ट आहे, ती सांगून पुस्तक दिलं तर वाचन बदलतं. संभाजीराजांची बेजबाबदार, व्यसनी अशी प्रतिमा बरीचशी त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या बखरीतून आली आणि नाटक-कादंबऱ्यांनी ती घट्ट केली. वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र १९६० साली आलं, कमल गोखले यांचं १९७१ साली, आणि कागदपत्रांच्या आधारे ती प्रतिमा उलटली. 'छावा' आणि 'संभाजी' दोन्ही त्या उलथापालथीनंतरच्या. म्हणून दोन्ही कादंबऱ्या कथा सांगता सांगता जुन्या आरोपाला उत्तरही देत असतात. कुठे कुठे हे उत्तर देणं कथेपेक्षा जड होतं, तेही खरं.

वकिलीचा हाच मोह इनामदारांना आहे, फक्त त्यांची अशिलं आणखी अवघड. 'झेप'मध्ये दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे, ज्यांनी १८१६ साली ठाण्याच्या किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी दिल्या. 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर, ज्यांनी १८०२ साली हडपसरला पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजेला धूळ चारली. 'मंत्रावेगळा'मध्ये तर खुद्द दुसरे बाजीराव. थोडाफार इतिहास आधी ठाऊक असलेल्या, वाद घालायला आवडणाऱ्या मित्राला यातली 'झुंज' द्यावी. मात्र तिच्या पाठोपाठ नंदा खरेंची 'बखर अंतकाळाची' ठेवावी. पेशवाईचा तोच अस्त, पण इथे थोर कुणीच नाही. अंताजी नावाचा तिरकस निवेदक बखरीच्या भाषेत सगळ्यांचे कपडे उतरवतो. ही भाषा सरावाला वेळ घेते. 'अंताजीची बखर' आधीची, तिथून सुरुवात केली तर कान तयार होतो.

'काळ' म्हणणाऱ्याला शिवकाळ हवाच असेल आणि 'श्रीमान योगी' जड वाटत असेल तर गो. नी. दांडेकरांची पाच कादंबऱ्यांची माला आहे, पहिली 'बया दार उघड'. मावळी बोली, गडाच्या पायथ्याची साधी माणसं, राजे बहुतेक वेळ थोडे लांब. शहरी वाचकाला बोलीशी जुळवून घ्यायला पहिली पंचवीस-तीस पानं लागतात. 'श्रीमान योगी' घेतलीच तर नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचावी. आधी वाचली तर पुढे सारखी तपासणीच चालू राहते.

'मृत्युंजय' आणि 'राधेय' या यादीत ओढल्या जातात, पण कर्ण हा महाभारताचा, म्हणजे त्या पौराणिक. त्यातही निवड करायची तर 'मृत्युंजय'मध्ये सहा जण आपापल्या तोंडून बोलतात, 'राधेय' आटोपशीर आहे. ह. ना. आपट्यांची 'उषःकाल' एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. मराठी ऐतिहासिक कादंबरीचं सुरुवातीचं वळण समजायला उत्तम, पहिली म्हणून नको.

विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न येतोच. तारखा, कूच, तह, मृत्यू हे ढोबळमानाने इतिहासाचं. बंद दाराआडचे संवाद लेखकाचे. माधवराव-रमाबाईंचं बोलणं कुणी टिपून ठेवलेलं नाही. वादात पुरावा म्हणून कादंबरीचं पान पुढे करणारा मित्र असेल तर त्याला सोबत एक चरित्रही द्यावं.

आणि राजे-सरदारांचाच कंटाळा आला असेल तर शुभदा गोगटे यांची 'खंडाळ्याच्या घाटासाठी'. १८६३ साली पुरी झालेली भोर घाटाची रेल्वे, तो डोंगर फोडणारे मजूर, कंत्राटदार, साहेब. चिठ्ठी लागत नाही, नकाशाही लागत नाही. पुण्या-मुंबईची गाडी बोगद्यात शिरताना खिडकीशी बसलेलं असलं की पुरतं.