गिटहब पेजेस: पोर्टफोलिओसाठी उत्तम, फक्त पाथ सांभाळा

कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने पोर्टफोलिओ कुठे ठेवावा? आमची शिफारस गिटहब पेजेसचीच, म्हणजे गिटहबवर ठेवलेल्या फायलींची थेट वेबसाइट करून देणाऱ्या सेवेची. तयार टेम्प्लेटवर साइट बनवून देणाऱ्या सेवांमध्ये पान लवकर उभं राहतं, पण ते शेकडो इतर पानांसारखंच दिसतं. इथे प्रत्येक ओळ तुमची असते, आणि मुलाखत घेणाऱ्याला हवं तर तो कोडही उघडून बघू शकतो.

सुरुवात सोपी आहे. आपलं युजरनेम आणि पुढे ‘.गिटहब.आयओ’ अशा नावाची पब्लिक रिपॉझिटरी (प्रोजेक्टच्या फायलींचा साठा) काढा, इंडेक्स फाइल सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा आणि पुश करा, म्हणजे फायली गिटहबवर पाठवा. बदल दिसायला कधी १० मिनिटंही लागतात. तोवर फायली उलटसुलट करत बसू नका, अ‍ॅक्शन्स टॅबमध्ये डिप्लॉय (साइटवर चढवण्याचं काम) हिरवं झालंय का ते आधी पाहा.

साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याला सुमारे १०० जीबी बँडविड्थ, एवढं पोर्टफोलिओला भरपूर झालं. मात्र १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब पुशच होऊ देत नाही, म्हणून डेमोचे व्हिडिओ बाहेर ठेवून लिंक द्या.

खरी डोकेदुखी पाथची, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या फाइलच्या पत्त्याची. विंडोजवर फोटो दिसतो आणि साइटवर गायब होतो, याचं नेहमीचं कारण म्हणजे फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला फरक पडत नाही, सर्व्हरला पडतो. वर नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं, तर विंडोजवर गिटला तो बदल बऱ्याचदा कळतही नाही. ‘गिट एमव्ही’ ही कमांड वापरूनच नाव बदला. दुसरा घोळ वेगळ्या रिपॉझिटरीतल्या प्रोजेक्टचा. त्याचा पत्ता डोमेननंतर रिपॉझिटरीच्या नावाने सुरू होतो, त्यामुळे स्लॅशने सुरू होणारे पाथ चुकीच्या जागी जातात आणि पान स्टाइलशिवाय उघडं पडतं. साइट बांधायला व्हीट हे टूल वापरत असाल तर कॉन्फिगमधल्या ‘बेस’मध्ये ते नाव दोन्ही बाजूंना स्लॅश देऊन लिहा. पानांमधली ये-जा ब्राउझरमध्येच सांभाळणारा रिअ‍ॅक्ट राउटर असेल तर आतलं पान रिफ्रेश केलं की ४०४ (पान सापडलं नाही) येतो, कारण त्या नावाची फाइल सर्व्हरवर नसतेच. पत्त्यात # घालून पान दाखवणारा हॅश राउटर हा सरळ उपाय. आणि अंडरस्कोअरने सुरू होणारे फोल्डर जेकिल (गिटहब पेजेस साइट तयार करायला वापरतं ते टूल) वगळतं, त्यासाठी ‘.नोजेकिल’ नावाची रिकामी फाइल टाका.

कल्पकतेला इथे अजिबात आडकाठी नाही. कॅनव्हास, वेबजीएल, थ्री.जेएस ही चित्रं आणि त्रिमितीय देखावे काढायची साधनं सगळी ब्राउझरमध्येच चालतात. पण फिरता त्रिमितीय देखावा एकच ठेवा आणि तो प्रोजेक्टच्या आड येऊ देऊ नका. ज्यांनी सिस्टिममध्ये हालचाल कमी ठेवली आहे, त्यांच्यासाठी मीडिया क्वेरी लावून तो थांबवा. हे चार ओळींचं काम आहे आणि जाणकाराच्या नजरेत लगेच भरतं.

सर्व्हरवरचा कोड मात्र इथे चालत नाही. संपर्काच्या फॉर्मला बाहेरची सेवा जोडावी लागते. एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) फ्रंटएंडमध्ये, म्हणजे ब्राउझरला जाणाऱ्या कोडमध्ये घातली तर ती जगजाहीर झाली. पुढच्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) पुसली तरी इतिहासात राहते, म्हणून ती रद्दच करा. लॉगिन किंवा डेटाबेस लागणारा प्रोजेक्ट दुसऱ्या होस्टवर चालवा आणि इथून त्याची लिंक द्या.