कोलाडचं राफ्टिंग: राफ्ट चालवायला शिकायचं असेल तर

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडच्या राफ्टिंगबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक एकाच प्रश्नाचं उत्तर असतं: मजा येते का? येते. इथे प्रश्न वेगळा आहे. राफ्ट रॅपिडमधून (खळाळत्या, वेगवान पाण्यातून) कशी काढायची, एडीत (धोंड्यामागच्या उलट फिरणाऱ्या पाण्यात) कशी घालायची हे ज्याला शिकायचंय त्याने इथल्या कुंडलिका नदीवर पैसे खर्च करावेत का? आमचं मत: पहिली इयत्ता म्हणून जरूर करावेत, पण बुकिंग करतानाच काही गोष्टी ठरवून घेतल्या तर. नुसतं नाव नोंदवून राफ्टमध्ये बसलात तर भिजून याल, हसून याल, आणि राफ्ट कोणाच्या जोरावर वळली हे शेवटपर्यंत कळणार नाही.

आधी पाण्याचं गणित, कारण कोलाडमध्ये बाकी सगळं त्याच्या मागून येतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि वीज करून झाल्यावर कुंडलिकेत सुटतं. (हेच ते मुळशी, ज्यासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. पूर्वेकडे वाहून जाणारं मुळेचं पाणी पश्चिमेला कोकणात उतरतं ते या योजनेमुळे.) म्हणून कुंडलिकेवर बारमाही राफ्टिंग होतं. मात्र पाणी विजेच्या वेळापत्रकाने सुटतं, पर्यटकांच्या नाही. साधारण सकाळी विसर्ग होतो आणि साजे गावाजवळून राफ्टा त्याच्यासोबत निघतात. एकामागोमाग निघण्याची जी घाई दिसते तिचं कारण हेच. वाढलेलं पाणी खाली सरकत असतं. मागे रेंगाळलात तर पाणी उतरत जातं, कातळ वर येतात आणि राफ्ट खडकांवर बसायला लागते. गाइड एखाद्या सुंदर एडीत थांबत नाही म्हणून त्याच्यावर वैतागू नका. त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं.

टप्पा साधारण १२ किलोमीटरचा. रॅपिड सहा श्रेणींपैकी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे सोपे ते मध्यम, आणि त्यातले बहुतेक वरच्या भागात. खाली पाणी संथ होतं, तिथे लोकांना पोहायला उतरवतात आणि फोटो निघतात. शिकणाऱ्याची सगळी कमाई वरच्या भागातच. नदी अरुंद आहे, काळ्या कातळाचे धोंडे जागोजागी आहेत आणि प्रत्येक मोठ्या धोंड्यामागे एक एडी आहे. गंगेसारख्या मोठ्या नदीत एडी प्रचंड असतात, पण त्यांच्यात अंतरही तेवढंच असतं. कुंडलिकेत एक हुकली तरी दुसरी लगेच समोर येते. नवख्याला याहून चांगली सोय नाही. उणीव अशी की धोंड्यांमागच्या बऱ्याचशा एडी १४ फुटी राफ्टला अपुऱ्या पडतात. एडी राफ्टपेक्षा लांब नसेल तर राफ्टचं शेपूट मुख्य धारेत राहतं, आणि धार शेपूट धरून सगळी राफ्ट बाहेर ओढते. कुठली एडी सोडून द्यायची हे ओळखणं इथे पटकन शिकायला मिळतं.

एडी म्हणजे काय ते काठावरून आधी पाहून घ्या. धोंड्याच्या वरच्या अंगाला पाणी चढतं आणि खालच्या अंगाला खळगा पडतो. तो भरायला बाजूचं पाणी मागे फिरतं, म्हणजे धोंड्याच्या आडोशाला ते प्रवाहाच्या उलट वर वाहतं. खाली जाणारी धार आणि वर येणारं पाणी जिथे घासतात तिथे बुडबुड्यांची, बारीक भोवऱ्यांची एक रेघ दिसते. ती एडीलाइन. धोंड्याला लागून ही रेघ अरुंद आणि धारदार असते, खाली जाईल तशी पसरट आणि पुसट होत जाते. सगळं कौशल्य ही रेघ कुठे आणि किती वेगाने ओलांडायची यात आहे.

पॅडल राफ्टमध्ये, म्हणजे सहा-आठ जण पॅडल मारतात आणि मागे गाइड दिशा देतो त्या प्रकारात, एडी अशी पकडतात. धोंडा खूप वरून हेरायचा आणि राफ्ट त्याच्या बाजूला, जवळून जाईल अशी आणायची. नाक एडीच्या दिशेला, प्रवाहाशी साधारण ४५ अंशांत. रेघेच्या दोन-तीन झटके आधीच सगळ्यांनी पुढे जोर लावायचा, म्हणजे रेघेवर पोचताना राफ्टचा स्वतःचा वेग असतो. धोंड्याच्या शक्य तितकं जवळून, एडीच्या माथ्यालाच शिरायचं. नाक आत गेलं की उलटं पाणी ते वर ढकलतं, शेपूट अजून धारेत असतं ते खाली जातं, आणि राफ्ट आपोआप वर तोंड करून वळते. तरी पॅडल थांबवायचं नाही. शेपूट रेघेच्या आत येईपर्यंत झटके चालूच.

शेवटचीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. नाक आत गेलं, राफ्ट वळली, आणि लोक ओरडत पॅडल वर करतात. राफ्ट रेघेवर आडवी राहते, गोल फिरते आणि शेपटाकडून बाहेर काढली जाते. दुसरी नेहमीची चूक उशिराची. आठ माणसांची राफ्ट सामानासकट ६०० किलोच्या पुढे जाते आणि हुकूम दिल्यापासून सगळ्यांचे हात चालेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. धोंडा शेजारी आल्यावर "फॉरवर्ड" म्हणून उपयोग नाही. तोवर तुम्ही एडीच्या बुडाशी असता, जिथे उलटं पाणी जवळजवळ संपलेलं असतं. तिसरी चूक कोनाची. नाक प्रवाहाला समांतर राहिलं तर राफ्ट रेघेवरून घसरत खाली जाते, आत शिरतच नाही.

बाहेर पडतानाचा नियम उलटा वाटतो म्हणून सांगतो. नाक वरच्या दिशेलाच ठेवून, धारेशी कोन करून, वेग घेऊन बाहेर पडायचं. नाक रेघेबाहेर जाताच मुख्य धार राफ्टच्या वरच्या, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूच्या ट्यूबवर (कडेच्या हवा भरलेल्या नळीवर) आदळते आणि ती दाबते. त्या क्षणी वजन खालच्या, म्हणजे प्रवाह जिकडे जातोय त्या बाजूच्या ट्यूबवर हवं. घाबरलेला माणूस नेमका येणाऱ्या पाण्यापासून मागे रेलतो की पाण्याकडे झुकतो हे नशिबावर सोडू नका, आधी ठरवून ठेवा. खडकावर राफ्ट आडवी लागली तरी हाच न्याय: "हाय साइड" ऐकू आलं की सगळ्यांनी खडकाच्या बाजूच्या ट्यूबवर झेप घ्यायची, खडकापासून लांब पळायचं नाही. लांब पळालात तर वरच्या बाजूची ट्यूब पाण्याखाली जाते आणि राफ्ट खडकाला गुंडाळली जाते. ती सोडवायला मग दोर, कप्प्या आणि तासभर लागतो.

आता वल्ह्यांचा प्रश्न. दोन लांब वल्ही आणि त्यांना धरणारी फ्रेम असलेली राफ्ट एकटा माणूस चालवतो, आणि खऱ्या अर्थाने "राफ्ट चालवणं" हेच. सफरीला आलेल्याच्या हातात मात्र पॅडल येतं. वल्ह्यांवर बसायचं असेल तर आधी बोलून ठेवायला हवं, शनिवार-रविवारची गर्दी टाळायला हवी आणि बरोबर शिकवणारा गाइड स्वतंत्र हवा. हे जमत असेल तर फ्रेमवर बसण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

१४ फुटी राफ्टला ९ ते १० फुटी वल्ही लागतात. वल्ह्याचा साधारण एक तृतीयांश भाग आत, दोन तृतीयांश बाहेर. वल्ह्यांच्या दोन्ही मुठी (हातात धरायची टोकं) समोर आणल्यावर त्यांच्यात वितीपेक्षा कमी जागा उरावी, पण एकमेकींवर आदळू नयेत, नाहीतर अंगठे चेचतात. पातं पाण्यात असताना मुठी छातीच्या खालच्या भागाशी याव्यात. मुठी पोटाशी येत असतील तर पातं पाण्याबाहेर काढायला मांड्या आड येतात. पाय टेकायला भक्कम आडवी दांडी हवीच, कारण जोर पायांतून आणि पाठीतून येतो, दंडांतून नाही. जादा वल्हं राफ्टला बांधलेलं आहे का, आणि ते एका हाताने सोडता येतं का, हेही बघा. घट्ट गाठ मारलेलं जादा वल्हं नसल्यातच जमा.

वल्हवणारा प्रवाहाकडे तोंड करून बसतो आणि संकटापासून लांब ओढतो. १८९०च्या दशकात अमेरिकेत नॅथनिएल गॅलोवे याने ही पद्धत रुळवली. त्याआधी नावाडी पाठमोरे बसून वेगाने खाली जात आणि खडक उशिरा कळत. ओढण्यात ढकलण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद असते, म्हणून वल्ह्यांची राफ्ट एडीत बहुधा शेपटाकडून घालतात. शेपूट वरच्या दिशेला आणि एडीच्या बाजूला तिरकं ठेवायचं, खोल नाही पण लांब ओढ घेत धार कापायची, आणि रेघेवर सर्वात जोरदार दोन ओढी राखून ठेवायच्या. शेपूट आत शिरलं की उलटं पाणी ते वर धरतं आणि राफ्ट खाली तोंड करून उभी राहते, पुढचा रॅपिड डोळ्यांसमोर. अवजड राफ्टसाठी हीच रीत सोयीची.

कुंडलिकेत वल्ह्यांना मुख्य धोका उथळ कातळाचा. खालच्या बाजूचं पातं खोल गेलं आणि दगडात अडकलं तर राफ्ट पुढे जात राहते, वल्हं जागच्या जागी, आणि मूठ बरगडीत बसते. म्हणून पातं जेमतेम बुडेल एवढंच घालायचं, धोंडा जवळ आला की त्या बाजूचं वल्हं उचलायचं किंवा आत ओढून घ्यायचं. अरुंद फटीतून जाताना दोन्ही वल्ही अंगाशी, आणि त्याआधी राफ्टची दिशा पक्की. पावसाळ्यात पाणी वाढतं, धोंडे बुडतात, हा त्रास कमी होतो. त्याऐवजी गढूळ पाणी, वाढलेला वेग आणि काठाच्या ओणव्या झाडांच्या फांद्या येतात. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस अडकतो. म्हणून पावसाळ्यात वल्हवायला शिकायचं नाही. हिवाळा चांगला, पाणी स्वच्छ असतं आणि तळ दिसतो.

सामानाची तपासणी दोन मिनिटांत होते. लाइफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकत असेल तर लहान मापाचं मागा. पट्ट्यांची बकलं तुटकी नकोत. हेल्मेटच्या पट्टीत दोन बोटं जावीत, चार नाही. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. गाइडकडे १५-२० मीटरची थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोराची पिशवी), शिटी आणि सुरी हवी. राफ्टची ट्यूब दाबून बघा, अंगठा खोल रुतत असेल तर हवा कमी. उन्हात तापलेली राफ्ट कडक लागते, पण थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि ती सैल पडते. चांगला गाइड पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पंप मारतो. तो मारतोय का ते बघा, बाकी बरंच काही आपोआप कळेल.

पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाशी, हे सगळे सांगतात. एडीत शिरायची वेळ आली की हे पुरत नाही, हे फार कमी गाइड सांगतात. तेव्हा पालथं व्हायचं, एडीच्या दिशेला तिरकं तोंड करून जीव लावून पोहायचं आणि रेघ ओलांडताना थांबायचं नाही. आणि पाणी गुडघ्याच्या खाली येईपर्यंत उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह माणसाला पालथा पाडतो आणि उठू देत नाही.

बुकिंगच्या फोनवर हे विचारा. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती लागते. एका राफ्टमध्ये किती माणसं? आठच्या वर असतील तर शिकणं विसरा. सोबत सेफ्टी कयाक (पडलेल्यांना उचलायला सोबत चालणारी छोटी होडी) असते का? सुरुवातीच्या संथ पाण्यात हुकूमांचा सराव किती वेळ होतो? आणि मुख्य म्हणजे, वरच्या भागात तीन-चार एडी पकडून दाखवाल का, शक्य तर पहिल्या राफ्टमध्ये, म्हणजे मागून पाणी उतरण्याची धास्ती कमी. शेवटच्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर ते नाही समजा. चौदा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक जण घेत नाहीत, आणि घेऊ नये हेच बरोबर.

बसायची जागाही मागून घ्या. पुढे बसलात तर लाटा तुमच्या, पण दिसत काही नाही. शिकायला गाइडच्या पुढची, मागून दुसरी जागा उत्तम. त्याचं पॅडल कधी वळवायला वापरलं जातं, कधी नुसतं टेकवून शेपूट धरायला, हे तिथून कळतं. बोलका गाइड मिळाला तर "ही एडी का सोडली?" एवढं विचारत राहा.

वल्हवणं सलग काही दिवस शिकायचं असेल तर कोलाड अपुरं पडतं. टप्पा छोटा, पाण्याची वेळ ठरलेली, दिवसाला एकदाच. त्यासाठी ऋषिकेशला गंगेवर जावं. कौडियालापासून खाली साधारण ३६ किलोमीटर, मोठ्या पाण्याचे रॅपिड, वाळूचे काठ. जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं राफ्टिंग बंद असतं. तिथल्या एडीलाइन कुंडलिकेपेक्षा बऱ्याच दांडग्या. जास्त पाण्यात मुख्य धार एडीपेक्षा हातभर उंच वाहते आणि मधली रेघ पाण्याच्या भिंतीसारखी उभी राहते. कुंडलिकेच्या सवयीने तिथे दोन ओढींत शिरू पाहिलं तर राफ्ट भिंतीला लागून परत धारेत येते. चार-पाच ओढी आधीपासून वेग घ्या.