आजार कळवायचा: फोनवर की पोर्टलवर?

कोपरखैरण्यातल्या माझ्या दवाखान्यात पावसाळ्यात तापाचे पेशंट रोजचेच. डेंग्यूचा संशय आला की मी आधी नागरी आरोग्य केंद्राला फोन लावते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि तो फार लांब जात नाही. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, जिथे पाणी साचून डास होत असतील ती जागा घराजवळच सापडते. अशा वेळी आठवड्याच्या शेवटी फॉर्म भरून काय उपयोग? शिवाय फोनवर खरा पत्ता सांगता येतो. एका मुलाच्या केसपेपरवर आधारवरचा साताऱ्याचा पत्ता चढला होता. राहायला तो इथेच, दोन गल्ल्या सोडून. फोनवर विचारलं गेलं म्हणून लक्षात आलं. अर्थात फोनची नोंद मागे राहत नाही, म्हणून फॉर्म नंतर भरतेच.

टीबीचं मात्र वेगळं. 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवणं बंधनकारक आहे, आणि इथे क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या निक्षय पोर्टलला पर्याय नाही. साधा टीबी असला तरी औषधं किमान सहा महिने चालतात. पेशंट मधेच गावी गेला, तर निक्षय आयडीवरून तिथलं केंद्र त्याचे उपचार पुढे चालू ठेवू शकतं. पोषण आहाराचे महिन्याला 1000 रुपये मिळायलाही हीच नोंद लागते. "चाळीत कळेल हो डॉक्टर," म्हणून बरेच जण नाव द्यायला घाबरतात. त्यांच्यासाठी मी वेळ काढते, खुर्ची जवळ ओढून बसते, आणि मगच कॉम्प्युटरकडे वळते.