पुंगळ्यांचे पोचे गेले एकदाचे! गॅरंडसाठी ॲडजस्टेबल गॅस प्लग

माझ्या एम१ गॅरंड रायफलमधून उडणाऱ्या प्रत्येक पुंगळीच्या (गोळी सुटल्यावर उरणाऱ्या रिकाम्या काडतुसाच्या) अंगावर पोचा पडायचा आणि मी उगाच एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर, चेंबर सगळं संशयाने बघत बसलो, रीलोड करणाऱ्याला, म्हणजे पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्याला, कळेल काय चिडचिड होते ती. शेवटी पोच्याची जागा नीट बघितली तर पुंगळी बाहेर पडताना ऑपरेटिंग रॉडवर, म्हणजे गॅसच्या जोराने मागे येऊन बोल्ट उघडणाऱ्या दांड्यावर, आपटत होती. रायफल १९३६ च्या डिझाइनची, आजचं जोरदार .३०-०६ काडतूस घातलं की गॅस जास्त होतो आणि रॉड सुसाट मागे येतो.

आधी रॉडची स्प्रिंग मोजा, १९ इंचापेक्षा आखूड झाली असेल तर ती बदला, प्लग नंतर. माझी ठीक होती म्हणून जादा गॅस बाहेर सोडणारा हा स्क्रूवाला प्लग घेतला. स्क्रू पूर्ण उघडा ठेवून एकेक राउंड मारायचा, बोल्ट मागे अडकेपर्यंत पाव-पाव फेरा आवळत जायचं, कंटाळवाणं आहे पण फुकट जात नाही. आता पोचे जवळपास बंद, धक्काही थोडा कमी वाटतो. गोळीचा लोड बदलला की परत सेटिंग करावं लागतं आणि स्क्रू बारीक आहे, हातातून सुटला तर शोधत बसा. पाचपैकी चार.